बुडालेली ‘ब्लूबर्ड के-७’ पुन्हा पाण्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी अर्धी हयात भोसरीत पत्र्याच्या कामात गेली. चेपलेली दारं, वाकलेली बॉनेटं, गंजलेले फ्लोअर. त्यामुळे इंग्लंडमधल्या कोनिस्टन नावाच्या तलावाच्या तळातून चौतीस वर्षांनी वर आलेली, चुरगळलेल्या कागदासारखी झालेली एक बोट काही माणसांनी ठोकठोकून सरळ केली आणि पुन्हा चालवली, हे वाचल्यापासून तिनं मला सोडलेलं नाही. ओळखीच्यांना सांगायला लागलो की ठरावीक प्रश्न येतात. तेच इथे उत्तरांसह लिहून ठेवतोय.

ही बोट आहे की विमान?

बोटच, पण फोटो बघून कुणीही गोंधळेल. पुढे दोन बाजूंना पसरलेले पाय, मधोमध चालकाची काचेची खोली, मागे शेपटीवर उभा पंख आणि पोटात जेट इंजिन. लांबी साधारण आठ मीटर, वजन सुमारे अडीच टन. पाण्यात बुडालेला पंखा नाही. विमानासारखा मागून झोत सुटतो आणि बोट पुढे जाते.

थांबलेली असताना ती इतर बोटींसारखी पाण्यात बसते. वेग वाढला की वर उचलली जाते आणि मग फक्त तीन जागी पाण्याला टेकते: बाजूच्या दोन पायांच्या, म्हणजे स्पॉन्सनच्या, मागच्या कडा आणि शेपटीकडचा तळ. तळहाताएवढ्या टेकूंवर अडीच टन. पाण्याचं घर्षण कमी करायचं तर पाण्याला शिवायचंच कमी, एवढंच त्यामागचं तत्त्व. पण पाण्याला सोडलेली वस्तू हवेच्या ताब्यात जाते. या बोटीचं पुढे जे झालं त्याचं बीज इथेच आहे.

आराखडा केन आणि ल्यू नॉरिस या भावांचा. बांधणी लँकेशायरमधल्या सॅम्लसबरी इंजिनिअरिंगची, १९५४-५५ सालची. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर ‘बर्माब्राइट’ नावाच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूचा पत्रा. जुन्या लँडरोव्हर गाड्यांची बॉडी याच पत्र्याची असायची. ‘के-७’ मधला ‘के’ हा लॉइड्स या जहाजांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या वहीतल्या अमर्याद वर्गाचा आणि सात हा तिचा क्रमांक.

आणि चालवणारा?

डोनाल्ड कॅम्पबेल. जन्म १९२१. वडील सर माल्कम कॅम्पबेल जमिनीवरच्या आणि पाण्यावरच्या वेगाचे विक्रमवीर. १९३९ च्या ऑगस्टमध्ये याच कोनिस्टन तलावावर त्यांनी ताशी १४१.७४ मैल, म्हणजे २२८ किलोमीटरचा विक्रम केला होता. १९४८ मध्ये वडील गेले आणि मुलानं वारसा उचलला. बापाच्या सावलीतून बाहेर पडायचं म्हणून पोरगा बापाचंच काम त्याच्याहून जोरात करतो, अशी घरं आपल्याकडेही दिसतात.

के-७ मधून डोनाल्डनं सात जागतिक विक्रम केले. पहिला २३ जुलै १९५५ रोजी अल्सवॉटर तलावावर, ताशी २०२.३२ मैल (३२५.६ किमी). पाण्यावर दोनशे मैलांचा टप्पा अधिकृतपणे ओलांडणारा तो पहिला. मग अमेरिकेतलं लेक मीड, मग १९५६ ते १९५९ दरम्यान कोनिस्टनवर चार वेळा, दरवेळी थोडं थोडं पुढे. सातवा ३१ डिसेंबर १९६४ रोजी, वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डम्बलयुंग तलावावर: २७६.३३ मैल (४४४.७ किमी). त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्यानं ऑस्ट्रेलियातच, लेक एअरच्या कोरड्या मिठावर, मोटारीचाही विक्रम केला होता. जमीन आणि पाणी, दोन्हींवरचे विक्रम एकाच वर्षात करणारा माणूस आजवर हा एकच.

विक्रम मोजतात कसा?

आखलेल्या एक किलोमीटरच्या पट्ट्यातून एकदा जायचं आणि तासाभराच्या आत उलट दिशेनं परत यायचं. दोन्हींची सरासरी काढतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा घेता येत नाही. ही परतीची फेरी लक्षात ठेवा.

४ जानेवारी १९६७ ला काय झालं?

कॅम्पबेलला ताशी तीनशे मैल गाठायचे होते. बोट तेव्हा बारा वर्षांची, विक्रमाच्या दुनियेत म्हातारीच. नोव्हेंबर १९६६ पासून सगळा लवाजमा कोनिस्टनला मुक्काम ठोकून होता. नवं, जास्त ताकदीचं इंजिन बसवलं तर त्याच्या ओढीनं हवा घेणारी तोंडंच आत बसली आणि तुटलेले तुकडे इंजिनात गेले. ते दुरुस्त होईतो हवा बिघडली. पत्रकार कंटाळले, वर्तमानपत्रांत टोमणे येऊ लागले.

त्या सकाळी तलाव आरशासारखा होता. पहिली फेरी उत्तरेकडून दक्षिणेकडे: सरासरी २९७.६ मैल (४७९ किमी). तीनशेला अडीच मैल कमी. एरवी दोन फेऱ्यांच्या मध्ये इंधन भरायला आणि पाणी शांत व्हायला वेळ देत. त्या दिवशी तो थांबला नाही, लगेच वळला आणि निघाला.

परतीच्या फेरीत वेग ताशी ३२८ मैलांपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५२८ किलोमीटरपर्यंत गेला. सेकंदाला शंभर-सव्वाशे नाही, तब्बल १४६ मीटर. बोट पाण्यावर आपटत उड्या मारू लागली, नाक वर उचललं, सगळी बोट हवेत गेली, मागच्या बाजूनं कोलांटी मारून पाण्यावर आदळली. हवा घेणाऱ्या तोंडांच्या थोडं पुढे तिचे दोन तुकडे झाले. पुढच्या भागात कॅम्पबेल बसला होता. रेडिओवर त्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकू येत होता.

वर तरंगताना सापडला तो त्याचा टेडी बेअर, ‘मिस्टर व्हॉपिट’. प्रत्येक विक्रमाच्या वेळी तो बरोबर असायचा. कॅम्पबेल शकुन-अपशकुन फार मानायचा. आदल्या रात्री पत्ते लावताना इस्पिकचा एक्का आणि राणी लागोपाठ निघाली आणि तो अस्वस्थ झाला होता, असं सांगतात.

पण उलटली कशामुळे?

एका कारणावर बोट ठेवता येत नाही, दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या असाव्यात. पहिल्या फेरीनं उठवलेल्या लाटा अजून तलावात फिरत असाव्यात. लांबट, दोन्ही काठ जवळ असलेल्या तलावात लाट काठाला आपटून परत येते. त्या वेगाला वीतभर लाटसुद्धा दगडासारखी लागते.

दुसरी गोष्ट इंजिनाची. शेवटच्या क्षणी इंजिनाचा जोर गेला असावा, असं चित्रफितीवरून अभ्यासकांचं मत आहे. जोर गेला तर बोट नुसती मंदावेल, उडेल कशाला? तर इथे गंमत आहे. जेटचा झोत पाण्याच्या पातळीच्या बराच वर, आणि पाण्याचा अडथळा खाली तळाशी. वरून ढकलणं आणि खालून अडवणं या जोडीमुळे नाक खाली दाबलेलं राहतं. उभ्या कपाटाला वरच्या बाजूनं ढकललं की ते पुढे झुकतं, तसंच. ढकलणारा हात अचानक निघाला की नाकावरचा दाबही निघाला. त्यात बोट आधीच उड्या मारत होती. खाली हवा शिरली आणि बोटीचा अख्खा तळ पंखासारखा झाला.

घाई केली हे तर खरंच. पण तीनशेला अडीच मैल कमी पडलेला माणूस, दोन महिने थंडीत काढलेला, मागे इंजिन चालू असलेला. तो त्या क्षणी काय करेल हे काठावर बसून सांगणं सोपं आहे.

मग चौतीस वर्षं कुणी बाहेर का काढली नाही?

अपघातानंतर पाणबुड्यांनी शोधलं, पण मृतदेह मिळाला नाही आणि बोटीचा मोठा भाग तळाशीच राहिला. तळ जवळजवळ पंचेचाळीस मीटर खोल, पाणी गारठलेलं, अंधार आणि खाली गाळ. पुढे लोकांनी त्या जागेला समाधीच मानलं. काही बिनसलं तर कप्तान आणि बोट एकत्रच राहू देत, असं कॅम्पबेलनंच म्हणून ठेवलं होतं. त्याची बहीण जीन वेल्स याच कारणानं बाहेर काढण्याच्या विरोधात होती. हा विरोध मला पटतो. सगळंच वर आणायची हौस बरी नव्हे.

पण उत्तर-पूर्व इंग्लंडमधला बिल स्मिथ नावाचा एक अभियंता आणि हौशी पाणबुड्या १९९६ पासून तिच्या मागे लागला होता. सोनारनं तळ पिंजून काढत त्यानं ती शोधली आणि ८ मार्च २००१ रोजी बोटीचा मुख्य सांगाडा पाण्याबाहेर आला. शेपटीचा पंख उभा, अंगावरचा निळा रंग ओळखू येणारा. त्याच वर्षी २८ मे रोजी कॅम्पबेलचे अवशेषही मिळाले आणि डीएनए चाचणीनं ओळख पटली. १२ सप्टेंबर २००१ रोजी शवपेटी बोटीतून तलावावर नेली, त्याच आखलेल्या किलोमीटरमधून शेवटची फेरी केली आणि कोनिस्टन गावच्या दफनभूमीत पुरली. तारीख पुन्हा वाचा. आदल्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे पडले होते, त्यामुळे जगाचं लक्ष तिकडे कुणाचं असणार.

इतकी वर्षं पाण्यात राहून गंजली कशी नाही?

गंजली, पण सगळी सारखी नाही. समुद्रात पडली असती तर उचलायला काही उरलं नसतं. आपल्या ट्रॉलरवाल्यांना खाऱ्या पाण्याचं वेगळं सांगायला नको. कोनिस्टनचं पाणी गोडं, तळाशी थंड, उजेड नाही. बर्माब्राइट हा मुळातच पाण्यासाठी केलेला मिश्रधातू, तो टिकला. रंगाखालचा पत्रा तर बऱ्याच जागी चकचकीत निघाला.

मॅग्नेशियमचे ओतीव भाग मात्र पाण्यानं खाऊन टाकले. दोन धातू पाण्यात शेजारी असले की जो जास्त चळवळ्या तो आधी झिजतो आणि शेजाऱ्याला वाचवतो. बोटींच्या तळाला जस्ताच्या वड्या ठोकतात त्या यासाठीच. मॅग्नेशियम तर जस्ताहूनही पुढचं.

खरा धोका बाहेर काढल्यावर असतो. ओला, गाळ भरलेला, जोडांत पाणी साठलेला धातू हवेला लागला की वर्षांचा गंज महिन्यांत चढतो. त्यामुळे ‘आता काढलीच आहे तर ठेवू निवांत’ असं चालत नाही. काहीतरी ठरवावंच लागतं.

आहे तशीच जतन का नाही केली? दुरुस्त केल्यावर तिचा इतिहास पुसला नाही का गेला?

सगळ्यांत अवघड प्रश्न हा, आणि मला सगळ्यांत आवडणारा.

राष्ट्रीय वारसा निधीकडे, म्हणजे तिथल्या लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या हेरिटेज लॉटरी फंडाकडे मदत मागितली गेली. नकार आला. त्यांचा सूर असा की हा अवशेष आहे, तो अवशेष म्हणूनच जपावा. पुन्हा बांधला तर त्याचं ऐतिहासिक मोलच जाईल. चेपलेला पत्रा हाच १९६७ च्या त्या सकाळचा साक्षीदार, तो सरळ केला की साक्ष मिटली. हा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही.

यातली खरी गंमत पुढे आहे. डिसेंबर २००६ मध्ये कॅम्पबेल कुटुंबानं बोट दिली ती कोनिस्टन गावातल्या रस्किन म्युझियमला. जॉन रस्किन म्हणजे ज्याच्या पुस्तकातून गांधीजींना ‘सर्वोदया’ची कल्पना मिळाली तोच. तो याच तलावाकाठी ब्रँटवुड नावाच्या घरात राहायचा आणि कोनिस्टनच्याच चर्चच्या आवारात पुरलेला आहे. या माणसानं १८४९ मध्ये लिहून ठेवलंय की जुन्या इमारतींचा जीर्णोद्धार ही निव्वळ लबाडी आहे, मेलेल्याला उठवण्याइतकी अशक्य गोष्ट आहे. पडू द्या, पण खोटं उभं करू नका. आणि त्याच्याच नावाच्या संग्रहालयात आज इंग्लंडमधला सर्वांत गाजलेला यांत्रिक जीर्णोद्धार उभा आहे! म्हातारा थडग्यात कूस बदलत असेल.

दोन्ही टोकांची उदाहरणं ब्रिटनमध्येच आहेत. १९५२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉक नेस तलावावर जॉन कॉब ‘क्रुसेडर’ या जेट बोटीत मारला गेला. तिचे अवशेष २००२ मध्ये खोल तळाशी सापडले, आणि २००५ पासून त्यांना संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. हात लावायचा नाही. उलट १९३० मध्ये विंडरमेअर तलावावर सर हेन्री सीग्रेव्ह विक्रम करून काही वेळातच ‘मिस इंग्लंड-२’ उलटून गेला, तेव्हा ती बोट वर काढली, दुरुस्त केली आणि पुढच्याच वर्षी केय डॉननं तिच्यातून नवे विक्रम केले. १९३० च्या माणसांना वारसा वगैरे प्रश्न पडलाच नाही. त्यांच्या लेखी ते यंत्र होतं, बिघडलं तर दुरुस्त करायचं.

माझं मत? एकदा एक गृहस्थ जुनी फियाट घेऊन आले. बॉनेट झाडाखाली पार चेपलेलं. मी म्हटलं, जुन्या बाजारात दुसरं मिळेल, दोन तासांत बसवतो. ते म्हणाले, ‘बाबांनी सकाळी याच बॉनेटवर हात ठेवून गाडी सुरू केलीय, हेच सरळ करा.’ चार दिवस लागले, मजुरीत घाटा खाल्ला. सरळ झालं तेव्हा त्यांनी काही न बोलता बॉनेटवर हात ठेवला. तेव्हापासून मी दुरुस्तीवाल्यांच्या बाजूचा. पण एक अट: जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे विचारणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगता आलं पाहिजे.

चुरगळलेला पत्रा सरळ होतो तरी कसा? नवा लावणं सोपं नाही का?

हजार पटींनी सोपं. नवा पत्रा कापायचा, वळवायचा, ठोकायचा, संपलं. टाईनसाइडवरच्या नॉर्थ शील्ड्समध्ये स्मिथ आणि त्याच्या स्वयंसेवकांनी २००६ पासून जे केलं ते याच्या उलट: जो मूळ तुकडा वाचवता येईल तो वाचवायचाच, कितीही वेळ लागो.

पहिलं काम उकलायचं. बोटीचा पत्रा रिबिटांनी धरलेला असतो. प्रत्येक रिबिटाचं डोकं ड्रिलनं असं काढायचं की खालचं भोक मोठं होता कामा नये. भोक मोठं झालं की पुढच्या वेळी मोठं रिबिट, आणि कडेला जागाच उरत नाही. हजारो रिबिटं, एकेक. मग सुट्या झालेल्या पत्र्यावरचा गाळ, जुना रंग, पांढरी बुरशी काढून स्वच्छ धातू उघडा करायचा. तेव्हाच कळतं कुठे चीर आहे, कुठे पातळ झालाय.

आता ठोकणं. लोखंडाच्या पत्र्यावर काम केलेल्या माणसाला ॲल्युमिनियम पहिल्यांदा रडवतं. एकदा दुमडलेलं ॲल्युमिनियम त्या घडीवर कडक होतं, आणि तसंच सरळ करायला गेलात तर तडकन फाटतं. म्हणून आधी तापवून मऊ करावं लागतं. पण ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही. रंग बदलायची वाट बघत बसलात तर पुढच्या क्षणी पत्रा ओघळून खाली पडलेला असतो. यावर जगभरच्या पत्रेवाल्यांची एक युक्ती आहे: पत्र्यावर साध्या साबणाची वडी घासायची आणि ज्योत फिरवायची. साबणाची रेघ तपकिरी-काळी झाली की ज्योत बाजूला. पुरेसं तापलं. थंड झाल्यावर तोच पत्रा हातानं वाकेल इतका ढिला पडतो. माझ्या वर्कशॉपमध्ये कपडे धुवायची पिवळी वडी याच कामासाठी ठेवलेली असायची, आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी तिनं हात धुवून संपवायचं.

मग खाली डॉली, वर हातोडा. डॉली म्हणजे हातात मावेल असा लोखंडाचा गुळगुळीत गोटा. चेपलेल्या जागेच्या मधोमध जोरानं मारायचं नाही, हे पोराला पहिल्या दिवशी शिकवावं लागतं. घडी जिथे संपते त्या कडेपासून सुरुवात करायची आणि पत्र्याला आलं त्याच वाटेनं परत न्यायचं. शेवटी जे फुगे राहतात ते ताणलेल्या धातूचे. तो जास्तीचा धातू जाणार कुठे? तापवून, ठोकून आत मुरवावा लागतो. फाटलेल्या जागी आर्गॉन वेल्डिंग, मग तो जोड घासून, दोन चाकांच्या मधून फिरवून सपाट करायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा. दुपारपर्यंत खपून बघावं तर वीतभर जागा झालेली असते.

आणि एवढं करून तो तुकडा शेजारच्या तुकड्याशी जुळला पाहिजे. म्हणून कायमची रिबिटं मारण्याआधी स्प्रिंगच्या तात्पुरत्या पिनांनी सगळं अंग जोडून बघतात. जुळलं नाही की पुन्हा खाली. बोट बाहेर येऊन पुन्हा पाण्यात जाईपर्यंत सतरा वर्षं गेली, त्यांतली बारा नॉर्थ शील्ड्सच्या वर्कशॉपमध्ये. आपल्याकडचा एखादा उड्डाणपूलही इतका वेळ घेतो, पण तिथे पत्रा जुना नसतो.

मग आताच्या बोटीत मूळची किती आणि नवी किती?

टक्केवारी सांगण्यात मला रस नाही. ठोकळमानानं असं समजा: मागचा आणि मधला मोठा भाग, पोलादी सांगाड्याचा बराचसा हिस्सा, शेपटी, पत्र्याचे असंख्य तुकडे हे मूळचे. चालक बसतो तो पुढचा भाग अपघातात नष्ट झाला होता, तो नव्यानं बांधलेला. म्हणजे कॅम्पबेल जिथे बसला होता नेमकी तीच जागा नवी आहे. यात काहींना खोटेपणा वाटतो. मला उलट तेच बरं वाटतं.

इंजिन तेच आहे का? भारताशी काही संबंध आहे म्हणतात.

इंजिन तेच नाही. पाण्यात राहिलेलं जेट इंजिन पुन्हा फिरवायचं म्हणजे आत्महत्या, म्हणून त्याच जातीचं दुसरं बसवलं.

जात मात्र आपल्या चांगलीच ओळखीची. सुरुवातीला के-७ मध्ये मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं ‘बेरिल’ होतं. १९६६ मध्ये त्या जागी ब्रिस्टल सिडलीचं ‘ऑर्फियस’ आलं, आणि त्यासाठी कॅम्पबेलनं मोडीत निघालेलं एक फॉलंड नॅट विमान विकत घेतलं होतं. नॅट म्हणजे आपल्या हवाई दलानं १९६५ आणि १९७१ मध्ये उडवलेलं ते इवलंसं लढाऊ विमान. परमवीर चक्राचे मानकरी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर याच विमानात लढले. हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं बनवलेल्या ‘मारुत’ या विमानातही ऑर्फियसच होतं, एक नाही, दोन. तेव्हा कोनिस्टनवर घुमलेला तो आवाज आपल्या धावपट्ट्यांवर निवृत्त झालेल्या कितीतरी मेकॅनिकांनी रोज ऐकलेला आहे.

दुरुस्तीनंतर खरंच चालली?

चालली. ऑगस्ट २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ब्यूट बेटावर, लॉक फॅड या तलावात तिला उतरवलं. आधी तरंगते का, पाणी कुठे शिरतं का, हे बघितलं. मग इंजिन. मग हळूहळू वेग, आणि पुढच्या काही दिवसांत ती ताशी दीडशे मैलांच्या, म्हणजे २४० किलोमीटरच्या आसपास पोचली. एक्कावन्न वर्षांनी ती पुन्हा तीन टेकूंवर उभी राहिली. विक्रम करायचा बेत नव्हता आणि तसा तो असूही नये.

चित्रफीत बघताना मी वेगाकडे बघितलंच नाही. उन्हात पत्र्यावर प्रकाश सरकतो तेव्हा त्यात लाटा दिसतात का, ते बघत होतो. पत्रेवाल्याची खोड.

मधल्या काळात मालकीवरून भांडण झालं होतं ना?

झालं. संग्रहालय म्हणालं, बोट आम्हाला दान मिळाली आहे, आमच्या ताब्यात द्या. दुरुस्ती करणाऱ्यांचं म्हणणं, नव्यानं घडवलेले भाग आमचे आहेत आणि बोट चालती राहिली पाहिजे. गोष्ट वकिलांपर्यंत गेली. २०२३ मध्ये स्मिथनं आपला दावा सोडला आणि ९ मार्च २०२४ रोजी के-७ ट्रकवरून कोनिस्टनला परतली. गाव रस्त्यावर आलं होतं.

कायद्यानं काय ते झालं. पण पैसे न घेता एका दगडाला पाझर फोडत वर्षं घालवलेल्या माणसांच्या हातून ती अशी वाजतगाजत नव्हे, तर वादावादीनं गेली, याची चुटपुट लागतेच.

तो तीनशे मैलांचा विक्रम पुढे कुणी केला?

ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीनं. ‘स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया’ ही लाकडी बोट त्यानं घराच्या परसात बांधली आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर ताशी ३१७.६ मैल, म्हणजे ५११ किलोमीटर गाठले. तो विक्रम अजून उभा आहे. मोडायला गेलेले दोघे, ली टेलर १९८० मध्ये आणि क्रेग आर्फन्स १९८९ मध्ये, जिवानिशी गेले.

बघायला जायचं असेल तर?

इंग्लंडच्या वायव्येला कुंब्रिया परगणा, त्यातला लेक डिस्ट्रिक्ट. लंडनहून रेल्वेनं ऑक्सनहोमला उतरून विंडरमेअर गाठायचं, पुढे बस. कोनिस्टनला रेल्वे नाही. गाव लहान, सगळं पायी होतं. रस्किन म्युझियममध्ये के-७ साठी वेगळं दालन बांधलंय. जवळच कॅम्पबेलची कबर, आणि चर्चच्या आवारात रस्किनची. दोघं शेजारी म्हणावेत इतके जवळ.

मग तलावावर जा. आठ किलोमीटर लांब, जेमतेम पाऊण किलोमीटर रुंद. काठावर उभं राहिलं की ताशी ५२८ किलोमीटर म्हणजे काय ते डोळ्यांना कळतं: समोरचा किनारा बघता बघता संपला पाहिजे. नोव्हेंबरमध्ये वेगाच्या विक्रमांसाठी एक आठवडा मोकळीक मिळते, तेव्हा लहान-मोठ्या बोटी धावतात. एरवी या तलावावर यांत्रिक बोटींना ताशी दहा मैलांची मर्यादा आहे, म्हणजे सोळा किलोमीटर. काठच्या रस्त्यावरून सायकलवाला सहज पुढे निघून जातो.